विवेचक आणि किल्ल्यांचा जुडगा

लिफ्ट बंद होती, माझे गुडघे संपावर होते आणि कपाटाच्या किल्ल्या माझ्याच खिशात राहिल्या होत्या, एवढ्या तीन कारणांवरून त्या खालून वर फेकाव्यात असे ठरले. बाल्कनीत उभ्या असलेल्या पुतणीने त्याला चौथे कारण जोडले, ते म्हणजे तिचा ‘दैनंदिन जीवनातील वर्गसमीकरणे’ हा शाळेचा प्रकल्प.

तिने दोरा सोडून रीतसर मोजमाप केले. माझा हात जमिनीपासून १.४ मीटरवर, तिचा पुढे केलेला हात ६.३ मीटरवर, म्हणजे किल्ल्यांना ४.९ मीटर चढायचे होते. चढलेली उंची म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले वेळ, वजा ४.९ गुणिले वेळेचा वर्ग, हे सूत्र तिने वरूनच ऐकवले, अशा समीकरणाची उत्तरे म्हणजे त्याची मुळे आणि ती किती निघणार हे आधीच सांगणारा आकडा म्हणजे विवेचक हे समजावले आणि हवेचा विरोध सोडून द्यायचा असेही बजावले. (माझा खांदाही हवेबरोबरच सोडून दिला असावा, कारण गणितात त्याचा उल्लेख कुठेच आला नाही.)

“काका, सेकंदाला ९.८ मीटर वेगाने सरळ वर फेका. विवेचक शून्य येतो, मुळे समान! बरोबर एका सेकंदाने किल्ल्या माझ्या हातापाशी क्षणभर थांबतील.”

पहिल्या फेकीत विवेचक ऋण निघाला. वहीत अशा वेळी ‘वास्तव मुळे नाहीत’ एवढे लिहून मोकळे होता येते. अंगणात मात्र अर्ध्यावरून परतलेला पाच किल्ल्यांचा जुडगा नेमका आपल्या चष्म्याचा रोख धरून येतो. मी तो कुंडीमागे शोधत असताना तिने आणखी एक उदाहरण सोडवले. तिने सांगितलेल्या वेगाने फेकल्यास किल्ल्या जमिनीवर पडण्याची वेळ २.१३ सेकंद आणि दुसरे उत्तर उणे ०.१३ सेकंद. म्हणजे मी फेकण्याआधीच त्या जमिनीवर होत्या! ऋण उत्तर सोडून द्यायचे असते म्हणे, पण माझी फेक पाहता मला तेच अधिक पटले.

दुसऱ्या वेळी मी जोर लावला. पण उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग त्या ९.८च्या वर जेमतेम पाचव्या हिश्शाने गेला तरी उंची ४४ टक्क्यांनी वाढते, हे खांद्याला कोणी शिकवलेले नसते. किल्ल्या तिच्या हाताच्याही दोन मीटर वर गेल्या. विवेचक धन, म्हणजे झेलण्याच्या दोन संधी, एक जाताना आणि एक येताना. त्या दोन्ही हुकल्या, कारण ती वेळ टिपून घेत होती.

तिसऱ्या वेळी हात तिरका गेला. तिरकी फेकलेली वस्तू अन्वस्ताच्या वाटेने जाते, हे गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात सिद्ध केले आहे आणि माझ्या किल्ल्यांनी त्याचा शब्द तंतोतंत पाळला. अतिशय देखणी वक्ररेषा काढत त्या शेजारच्या बाल्कनीत उतरल्या. शेजारी आठवडाभरासाठी बाहेरगावी गेले होते.

“काका,” वहीतून डोके वर न काढता ती म्हणाली, “या वेळी मुळे वास्तव आहेत, फक्त शेजाऱ्यांकडे आहेत.”