सोसायटीच्या पैशांतून पोरांना तबला शिकवायचाच

आमच्या क्रेडिट सोसायटीच्या आमसभेत यंदा बराच आरडाओरडा झाला, विषय काय तर संचालक मंडळाने गावातल्या हायस्कूलला संगीत आणि चित्रकलेसाठी पैसे द्यायचा ठराव आणला. काही सभासद उठून म्हणाले, आमच्या लाभांशातून पोरांना तबला कशाला? विचारायचा हक्क त्यांना आहेच. पण सभेच्या गोंधळात उत्तर द्यायला मिळालं नाही म्हणून इथे लिहितोय.

गोव्यात गाणंबजावणं आपोआप वाढलं असं कोणी समजू नका, त्यामागे कायम कोणीतरी पैसा घातलाय. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, हे सगळे गाणारे देवळांच्या सेवेतल्या समाजातून आले. त्या व्यवस्थेने बायकांवर अन्याय केला, ती परत नकोच, पण देवस्थानं कलेवर खर्च करायची हे खरं आहे. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली! तिकडे सासष्टीत, बार्देशात चर्चच्या शाळेतला मेस्त्र गरिबांच्या पोरांना नोटेशन वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवायचा आणि त्यातलीच कितीतरी पोरं पुढे मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या, वडील चर्चमध्ये क्वायरमास्टर, आणि ह्या अँथनींकडे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन शिकले.

मग आज गावात असा पैसा कोणाकडे आहे? माझ्या मते सोसायटीकडे. गाडेवाल्याची, मासळीवालीची, टॅक्सीवाल्याची रोजची पिग्मी जमा होऊन ती उभी राहिलीय, आणि त्यांचीच पोरं त्या हायस्कूलात आहेत. आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने १९९५ साली सहकाराची जी सात तत्त्वं मान्य केली त्यातलं सातवंच आहे, आपल्या समाजाची काळजी. म्हणजे हा दानधर्म नाही, सहकारातलंच काम आहे हे.

आता पैसे कसे द्यायचे, खरा मुद्दा हा. कृपा करून एक दिवसाची स्पर्धा, बॅनर, ट्रॉफ्या आणि शाल-श्रीफळ नको. त्यात पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी शाळेतली पेटी होती तशीच, भाता फाटलेली. तबल्याची शाई उडालीय, पुडी बदलायला पाहिजे, पण ह्या असल्या खर्चाला कोणी देणगीदार मिळत नाही कारण त्याचा फोटो निघत नाही. आणि सगळ्यात आधी शिक्षक हवा! आठवड्यातनं दोन दिवस येणारा, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला मानधन मिळणारा, निदान तीन वर्षं टिकणारा. एका वर्षात मुलाचा हात नुसता बसायला लागतो, तेवढ्यात पैसे थांबले तर झालेला खर्चही वाया. कला अकादमी आहे, पण ती पणजीला कांपालात, सत्तरी तालुक्यातल्या आमच्या पोरांनी शाळा सुटल्यावर तिथे जायचं कसं आणि घरी यायचं कधी?

चित्रकलेचंही तेच. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर काव कला आहे, चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर देऊन तो खरवडून काढलेली चित्रं, ती शिकवायला कागद-रंगांचासुद्धा मोठा खर्च नाही, जाणकार माणूस तेवढा पाहिजे. आणि घुमट, आपलं मातीच्या घटाला कातडं लावलेलं वाद्य! २०१९ साली सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला, छान झालं, पण चवथीला आरतीला बसणारी नवी पोरं कुठून येणार? पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता बकऱ्याचं लावतात, त्याचा आवाज नीट कसा काढायचा हे कोणी शिकवल्याशिवाय येत नाही ओ.

लाभांश थोडा कमी मिळाला तर मला चालेल, माझ्या घरातलं कोणी त्या शाळेत नाही तरीही. ठराव पुढच्या सभेत परत येतोय, ज्यांचे शेअर्स आहेत त्यांनी घरी बसून न राहता या आणि हात वर करा. मी तीन वर्षांच्या मानधनाची दुरुस्ती सुचवणार आहे, अनुमोदन द्यायला कोण तयार आहे ते खाली लिहा.