‘डुकराला काहीही चालतं’ म्हणणाऱ्यांसाठी

भाचा शहाद्याकडे वीसेक डुकरं पाळतो. परवा त्याचा फोन आला, “मामा, तीन महिन्यांच्या माद्या माजावर आल्या!” तीन महिन्यांच्या? फोटो मागवला. माद्यांची योनी लालबुंद आणि सुजलेली. खाऊ काय घालतोस, असं विचारलं तर त्यानं तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुढं ढकलला. ‘वराहपालकांसाठी तज्ज्ञांचा सल्ला.’ तज्ज्ञ कोण, ते कुठंच नाही. आठवड्याभरात हाच मेसेज मला तिसऱ्यांदा आला, म्हणून हे लिहितोय.

‘बुरशी लागलेला मका स्वस्तात घ्या, उकळून घाला. डुक्कर सगळं पचवतं.’

भाच्यानं नेमकं हेच केलं. काढणीच्या वेळी पावसात भिजलेला, गुलाबी-पांढरट बुरशी चढलेला मका निम्म्या भावात उचलला. वर मलाच ऐकवतो, “डुकरले काय व्हस, मामा?” व्हस ना! फ्युजॅरियम बुरशी झिअरालेनोन नावाचं विष तयार करते. ते शरीरात मादीच्या संप्रेरकासारखं वागतं, त्यामुळे कोवळ्या माद्या माजावर आल्यासारख्या दिसतात. बुरशीच्या दुसऱ्या एका विषानं डुकरं खाणं सोडतात, ओकतात. आणि या विषांचा त्रास गाई-म्हशींपेक्षा डुकरालाच जास्त होतो, म्हणजे मेसेज बरोब्बर उलटा. हिरवट-पिवळ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन तर यकृतच धरतं. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं लहान वयाच्या जनावरांच्या खाद्यात त्याची मर्यादा ठेवलीय अब्जात 20 भाग. उकळल्यानं बुरशी मरते, विष मरत नाही. पातेल्यात ते तसंच राहतं, वर सरपण जातं ते वेगळंच.

पशुवैद्यकांनी आधी तो मका बंद करायला लावला. आठ-दहा दिवसांत सूज उतरली.

‘मका म्हणजे पूर्ण आहार, दुसरं काही नको.’

अर्धं खरं आहे, कबूल. ताकदीला मक्याला तोड नाही, आणि आपल्याकडे तो मिळतोही भरपूर. पण त्यात प्रथिनं जेमतेम 8-9 टक्के आणि लायसिन, म्हणजे प्रथिनातला अंग भरायला लागणारा घटक, पाव टक्का. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या 2012 च्या तक्त्यात 25 ते 50 किलोच्या डुकराला पचणारं लायसिन जवळपास 1 टक्का लागतं. चौपट! नुसत्या मक्यावर डुक्कर चरबी धरतं, अंग धरत नाही. शंभर किलोत 75 किलो मका, 22 किलो सोयाबीन पेंड आणि उरलेलं खनिज मिश्रण-मीठ, असं साधारण गणित बसतं. पेंड म्हणून घरची सरकी ढेप ओतू नका. तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य म्हशीच्या पोटात निभावतं, डुकराच्या नाही.

‘ज्वारी विषारी असते.’

विष असतं ते कोवळ्या हिरव्या ताटात, दाण्यात नाही. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत, त्यावरूनच कुणीतरी ही पुडी सोडलेली दिसते. दादर ज्वारीचा पांढरा दाणा भरडून घातला तर ताकदीला मक्याच्या अगदी जवळ जातो. टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या तांबड्या जातींनी मात्र पचन मार खातं, तेवढं बघावं. बाजरीही चालते आणि तिच्यात प्रथिनं मक्यापेक्षा जास्त. पण दाणा बारीक, न भरडता घातली तर बरीचशी शेणावाटे बाहेर.

‘गहू पिठासारखा दळा, लवकर अंगी लागतो.’

नको. पीठ जितकं बारीक तितका जठराला अल्सर होण्याचा धोका जास्त. भरडाच काढा. गव्हाचा भाव पाहता हा प्रश्न फारसा कुणाला पडायचा नाही म्हणा.

त्या मक्याची दोन पोती भाच्याकडे अजून पडून आहेत. म्हशीला घालू का, म्हणून काल विचारत होता. अजिबात नको. अफ्लाटॉक्सिन असलं तर दुधात उतरतं, आणि ते दूध त्याच्याच घरची पोरं पितात.