आम्ही घर बांधलं नाही

सुट्टीला तीन आठवडे उरले की माझ्या फोनवर तो ठरलेला प्रश्न येतो. "मॅडम, सर्टिफिकेट मिळेल ना?" मुलं झोपणार कुठे, दवाखाना किती लांब, सोबत शिक्षक किती, हे सगळं नंतर. कधीकधी नंतरही नाही. गेल्या वर्षी एका पालकांनी तर मजकूरच लिहून पाठवला होता: 'सुट्टीत गरजू कुटुंबासाठी घर बांधले.' मी फक्त सही करायची.

सुट्टीत मुलांना घरबांधणीच्या कामावर नेण्याच्या माझ्या आजवर पाच खेपा झाल्या. पाचही वेळा आम्ही घामाघूम झालो, हाताला फोड आले, परतताना गाडीत सगळे मेल्यासारखे झोपले. पण घर आम्ही एकदाही बांधलेलं नाही. घर मिस्त्रींनी बांधलं, त्यांच्या बिगाऱ्यांनी बांधलं आणि ज्यांचं होतं त्यांनी बांधलं. आम्ही तिथे होतो. पहिल्या वर्षी तर मधे मधे होतो.

पहिल्या वर्षी मी बावीस मुलं नेली. माझा हिशेब सरळ होता, जेवढे हात जास्त तेवढं काम लवकर. मिस्त्रींनी एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि म्हणाले, "मॅडम, भिंत एका दिवसात खांद्याच्या वर न्यायची नसते." मला वाटलं, माणूस काम टाळतोय. रात्री शोधून वाचलं तेव्हा लाज वाटली. वीटकामाचा नियमच तसा आहे: दिवसाला साधारण दीड मीटरच्या वर भिंत चढवायची नाही. खालच्या थरांतला माल, म्हणजे विटा जोडणारं सिमेंट-वाळूचं मिश्रण, अजून ओला असतो. वर वजन वाढलं की तो दबतो आणि भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, राहत नाही. म्हणजे हात दोन असोत की चव्वेचाळीस, भिंत तिच्याच चालीने वर जाणार. उरलेल्या हातांनी काय करायचं, हे मी ठरवलेलंच नव्हतं. सकाळी अकरा वाजता दहाबारा मुलं विटांच्या ढिगावर बसून फोटो काढत होती आणि मिस्त्रींचे बिगारी त्यांना वळसा घालून घमेली नेत होते.

भिंत रचायचं काम सगळ्यांना हवं असतं, कारण ते फोटोत दिसतं. विटा भिजवायचं काम कोणाला नको असतं. खरं तर भिंतीचा अर्धा जीव तिथे आहे. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते, मग माल विटेला धरत नाही. म्हणून विटा आधी टाकीत बुडवून ठेवायच्या, बुडबुडे थांबेपर्यंत. माझ्या वर्गातली एक मुलगी, एरवी मागच्या बाकावरून खिडकीबाहेर बघत बसणारी, हे काम स्वतःहून घेऊन बसली. तीन दिवस टाकीपाशीच. चौथ्या दिवशी बिगारी तिला विचारू लागले, "झाल्या का गं?" ती मान हलवेपर्यंत विटा बाहेर निघत नव्हत्या. तिचा एकही फोटो कोणाकडे नाही.

(आमच्या वर्गातला पहिला नंबरही तिथे एकदा गप्प झाला. मिस्त्रींनी पायाच्या आखणीत कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर आणि दोन खुणांमधलं तिरकं माप बरोबर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवली. "हे तर पायथागोरस!" तो ओरडला. मिस्त्री म्हणाले, "असेल. आम्ही गुण्या बघतो." गुण्या म्हणजे काटकोन.)

आता माझी चूक. ही मी दर वर्षी पालकांच्या बैठकीत सांगते, म्हणजे इथेही सांगायला हरकत नाही. दुसऱ्या खेपेला मी हातमोजे नेले, बूट सक्तीचे केले, डोक्याला टोप्या, प्रथमोपचाराची पेटी, सगळं यादीप्रमाणे. गुडघे यादीत नव्हते. जोत्यावर काँक्रीट ओतलं होतं. हाफ पँटमधला एक मुलगा त्यावर गुडघे टेकून कडा सारख्या करत होता, अर्धा-पाऊण तास. त्याला काही दुखत नव्हतं. ओल्या सिमेंटची खोड हीच आहे, ते आम्लाच्या उलट, तीव्र अल्कधर्मी असतं आणि कातडी भाजते ती हळूहळू, दुखायला लागतं तासा-दोन तासांनी. संध्याकाळी त्याने गुडघे दाखवले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. भरपूर वाहत्या पाण्याखाली धरले, दवाखान्यात नेलं, पुढे बरेच दिवस ड्रेसिंग. त्याच्या आईला फोन करताना माझा आवाज फुटत नव्हता. ती माऊली चिडली नाही, हे तिचं मोठेपण. चिडायला हवं होतं. मी मुलांना साइटवर नेलं होतं आणि सिमेंट काय करतं ते मला माहीत नव्हतं. आता फुल पँटशिवाय कोणी साइटवर पाय ठेवत नाही आणि ओलं सिमेंट अंगावर पडलं की लगेच धुवायचं, काम संपल्यावर नाही.

हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था १९७६ पासून स्वयंसेवकांना घेऊन घरं बांधण्याचं हेच काम करते आहे. अमेरिकेत तिच्या साइटवर बांधकाम चालू असताना सोळा वर्षांखालच्या मुलांना कामाला घेत नाहीत आणि अठरा पूर्ण नसतील तर छतावर चढायचं नाही, विजेच्या अवजारांना हात लावायचा नाही. पूर्वी मला हा अतिरेक वाटायचा. त्यांची आणखी एक गोष्ट मला पटते: घर ज्यांना मिळायचं ते कुटुंब स्वतः शेकडो तास कामाला उभं राहतं आणि घर फुकट मिळत नाही, त्याचे हप्ते फेडावे लागतात. त्यामुळे तिथे कोण उपकारकर्ता आणि कोण उपकृत, ही भानगड बरीच कमी होते.

आमच्याकडे ती भानगड होती. ती मला तिसऱ्या वर्षी दिसली, तीही ज्यांचं घर होतं त्या काकूंनी दाखवली म्हणून.

आमचे सात दिवस संपले होते. भिंती छताच्या उंचीला आल्या होत्या, सातव्या दिवशी दुपारी शेवटचा थर झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कोणी रडलं, कोणी वीट हातात घेऊन फोटो काढला. काकू बाजूला उभ्या होत्या. मी जवळ गेले तर त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, आता पाणी कोण मारणार?"

मला एक क्षण कळलंच नाही. मग कळलं. लोकांना वाटतं सिमेंट वाळतं. सिमेंट वाळत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. पाणी आधीच उडून गेलं तर ते तिथेच अडतं आणि कच्चं राहतं. काँक्रीटची ताकद मोजतात तीसुद्धा २८ दिवसांनी. किमान सात दिवस भिंत ओली ठेवावी लागते, ऊन कडक असेल तर त्याहून जास्त. आमची शेवटची भिंत काही तासांची होती आणि गाडी संध्याकाळी निघणार होती. काकू दिवसभर कामाला जायच्या. म्हणजे पहाटे उठून बादल्या भरायच्या, पाणी मारायचं, कामावर जायचं, परत आल्यावर पुन्हा मारायचं. आम्ही ज्या भिंतीपुढे टाळ्या वाजवल्या, ती भिंत होण्याचं काम आमच्या पाठीमागे त्या एकट्या करणार होत्या.

गाडीत मुलं गाणी म्हणत होती. मी काही बोलले नाही.

सुट्टीतल्या या श्रमदानाची गोष्ट जुनी आहे आणि सुरुवातीपासूनच ती अशी अडखळत आलेली आहे. पहिल्या महायुद्धात व्हर्दूंच्या परिसरातली फ्रेंच गावं भुईसपाट झाली होती. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये त्यातल्याच एन या गावात स्वयंसेवक नेले, त्यांत जर्मनही होते. कल्पना उदात्त होती, कालचे शत्रू मिळून घरं उभी करतील. पण जर्मन हात तिथे सगळ्यांनाच चालणारे नव्हते, विरोध झाला आणि काही महिन्यांत काम आवरावं लागलं. ज्यांच्या गावात जायचं त्यांना आपण हवे आहोत का, हा प्रश्न पहिल्याच शिबिरात उभा राहिला होता. पुढे १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच सेरेसोल भारतात आले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सोबती घेऊन, आणि १९३७ पर्यंत हे काम चाललं. तीन वर्षं. आम्ही सात दिवसांत टाळ्या वाजवतो.

आणि १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरात विचारवंत इव्हान इलिच यांनी स्वयंसेवक म्हणून आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, फक्त मदत करायला येऊ नका. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. काकूंच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचलं, राग आला नाही.

माझी एक सहकारी स्पष्टच म्हणते, "तुमच्या गाडीभाड्यात आणि जेवणाखाण्यात चार मिस्त्री महिनाभर लागले असते. पैसे पाठवा आणि घरी बसा." तिचं म्हणणं खोटं नाही. घर उभं राहावं एवढाच हेतू असेल तर पैसे पाठवणं केव्हाही बरं. मी तिच्याशी वाद घालत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आम्ही मदत करायला जातो असं म्हणणंच सोडून द्यावं. आम्ही शिकवणीला जातो. कोणीतरी आपलं अर्धवट घर आम्हाला सात दिवस शाळा म्हणून वापरायला देतं, कोणीतरी आपला वेग मोडून आम्हाला थर कसा लावायचा ते शिकवतं. मग शिकवणीची फी द्यायला हवी.

ती आम्ही चौथ्या वर्षापासून देतो. मुलं असताना मिस्त्रींचं काम किती मागे पडतं ते त्यांनाच विचारलं. त्यांनी आधी "जाऊ द्या हो" म्हटलं, दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा बोटं मोजून सांगितलं: सात दिवसांत अडीच दिवस. त्या अडीच दिवसांची मजुरी, त्यांची आणि बिगाऱ्यांची, आमच्या खर्चात धरली जाते. मुलं बावीस नाहीत, नऊ. जाण्याआधी दोन शनिवार शाळेच्या मागच्या अंगणात माल कालवायचा, थर लावायचा, ओळंबा धरायचा आणि मग तीच भिंत फोडून विटा साफ करायच्या. दुसऱ्या शनिवारी निम्मे गळतात. गळू देत. साइटवर वाळू चाळणं, विटा भिजवणं, घमेली वाहणं आणि पाणी मारणं हे आमचं, रचणं मिस्त्रींचं. कोणाला रचायचंच असेल तर मिस्त्री बोलावतील तेव्हा, ते सांगतील तेवढ्याच विटा. घरातल्यांचा फोटो त्यांनी स्वतः काढा म्हटल्याशिवाय नाही.

आणि आम्ही आता निघायच्या दिवशी भिंती पूर्ण होतील अशा बेताने जात नाही, शेवटचे थोडे थर उरले असताना जातो. म्हणजे आमच्या सात दिवसांतले बरेचसे नुसते पाणी मारण्यात जातात. पालकांना हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं. "एवढ्या लांब नेऊन पाणी मारायला लावणार?" हो.

सर्टिफिकेटही बदललं. यंदा त्यावर छापलंय: 'या विद्यार्थ्याने सात दिवस वाळू चाळली, विटा भिजवल्या व भिंतींना पाणी मारले.' खाली मिस्त्रींची सही घेते, माझ्या आधी. गेल्या वर्षीच्या त्या पालकांचा काल पुन्हा फोन आला होता, या खेपेला धाकट्यासाठी. परदेशी कॉलेजच्या अर्जात हे वाक्य बरं दिसत नाही म्हणाले, निदान 'घरबांधणी प्रकल्पात सहभाग' तरी लिहा. मी म्हटलं, मिस्त्रींना विचारून सांगते. मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "पोरगं आधी दोन शनिवार टिकतंय का ते बघा."