कुकरातलं वरण ‘मेलेलं’ नसतं

‘प्रेशर कुकर म्हणजे घरातलं स्लो पॉयझन’ हा मेसेज पुन्हा सगळ्या ग्रुपांवर फिरतो आहे. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुकरात डाळ शिजत नाही, दाबाने नुसती फुटते, म्हणून ते वरण ‘मेलेलं’. मातीच्या हंडीतल्या डाळीत १०० टक्के पोषण राहतं, काशाच्या भांड्यात ९७, पितळेच्या भांड्यात ९३ आणि कुकरात फक्त १३. डाळीवरचा फेस म्हणजे युरिक ॲसिड, ते कुकरात कोंडलं जातं आणि सांधे धरतात. कुकरचं ॲल्युमिनियम अंगात जाऊन स्मृतिभ्रंश होतो. तेव्हा कुकर आजच्या आज घराबाहेर काढा.

हा मजकूर थोड्याफार फरकाने कित्येक वर्षं फिरतोय आणि मी तो वाचून सोडून देत आले. या वेळी तो माझ्या ताईपर्यंत पोचला. ताई ठाण्याला राहते, नोकरी फोर्टात. लोकलने घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. तिने कुकर माळ्यावर टाकला. हंडीत डाळ शिजवायला रात्री वेळ कुठून आणणार? त्यामुळे घरात वरणच होईनासं झालं आणि भाचा नूडल्स खाऊन झोपायला लागला. आरोग्याच्या नावाखाली मुलाच्या ताटातली डाळ गेली, याचा मला राग आला आहे.

आधी तो १३ टक्क्यांचा आकडा, कारण सगळा मेसेज त्याच्यावर उभा आहे. १३ टक्के म्हणजे कशाचे? प्रथिनांचे, लोहाचे, की जीवनसत्त्वांचे? मेसेजमध्ये याचा कुठेही उल्लेख नाही. ‘पोषण’ नावाची एकच वस्तू डाळीत नसते, की तिचं वजन करून टक्केवारी काढता येईल. डाळीत प्रथिनं असतात. ती उष्णतेने उलगडतात, उडून जात नाहीत. लोह, कॅल्शियम, पोटॅशियम ही मूलद्रव्यं आहेत. गॅसच्या आचेवर मूलद्रव्य नष्ट होत नाही, हंडीत नाही आणि कुकरातही नाही. झाकण लावलेल्या भांड्यात डाळ घातली, पाणी घातलं, शिट्टीतून थोडी वाफ बाहेर गेली. उरलेले ८७ टक्के गेले कुठे? डाळ शिजवलेलं पाणीही आपण फेकत नाही, घोटून त्याचंच वरण करतो.

उष्णतेने खरोखर कमी होतात ती काही जीवनसत्त्वं. थायमिन आणि फोलेट ही त्यातली डाळीशी संबंध असलेली दोन. ती कुकरात कमी होतात हे खरं, पण तासभर उकळणाऱ्या हंडीतही कमी होतात. नुकसान तापमानावर ठरतं तसं वेळेवरही ठरतं, आणि कुकरात वेळ फारच कमी लागतो. त्यामुळे हंडीतले १०० टक्केही तितकेच खोटे. शिजवलेल्या कुठल्याही पदार्थात सगळीच्या सगळी जीवनसत्त्वं शाबूत राहत नाहीत.

‘शिजत नाही, फुटते’ हे वाक्य तर शिजणं म्हणजे काय हे न समजता लिहिलेलं आहे. दाण्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल होतं, दाणा मऊ पडतो, हेच शिजणं. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. कुकरात दाबामुळे ते साधारण १२० अंशांपर्यंत जातं आणि हीच क्रिया लवकर होते. शहरात याचं महत्त्व आणखी आहे. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असलं की त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरतं आणि डाळ तासभर उकळूनही टणक राहते. अशा पाण्यात तूर मऊ करायची तर कुकरच लागतो. नाहीतर १४.२ किलोचा सिलिंडर महिना पुरणार नाही.

हंडीत मंद आचेवर शिजवण्याचा सल्ला राजमा, पावट्यासारख्या कडधान्यांना सरसकट लावणं तर धोक्याचं आहे. राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. नीट उकळलं नाही तर उलट्या-जुलाब होतात. अमेरिकेच्या एफडीए या अन्न आणि औषध नियामक संस्थेच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की ८० अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त, पाचपटीपर्यंत विषारी ठरू शकतो. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी टाका आणि कुकरात चांगला शिजवा.

आता फेस. यामुळे ताईच्या सासूबाईंनी डाळच सोडायची भाषा सुरू केली आहे. डाळीवर येणारा फेस हा प्रथिनांचा आणि सॅपोनिन नावाच्या घटकांचा असतो. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. युरिक ॲसिड फेस होऊन डाळीवर तरंगत नाही. ते आपल्या शरीरात प्युरीन नावाच्या घटकांपासून तयार होतं. डाळीत प्युरीन असतात, एवढा अर्धा धागा मेसेजमध्ये खरा आहे. पण त्यामुळे सांधे धरतात का, हे मोजून पाहिलेलं आहे. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ४७,१५० पुरुषांचा १२ वर्षांचा अभ्यास आला. जास्त मांस आणि मासे खाणाऱ्यांमध्ये गाउटचं, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजाराचं, प्रमाण वाढलेलं दिसलं. प्युरीन जास्त असलेल्या भाज्यांनी ते वाढलं नाही, आणि या गटात वाटाणा, कडधान्यंही होती. शिवाय एकूण प्रथिनांमुळेही वाढ दिसली नाही. ज्यांना गाउट आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. ज्यांचे गुडघे वयामुळे दुखतात त्यांनी फेसाला घाबरून वरण सोडू नये. उतारवयात स्नायू टिकवायला प्रथिनं लागतातच. फेस काढायचा तर जरूर काढा, तो शिट्टीच्या भोकात अडकतो हे पुरेसं कारण आहे.

ॲल्युमिनियमचा मुद्दा अगदीच हवेतला नाही, हे नाइलाजाने का होईना मान्य करते. आंबट पदार्थ ॲल्युमिनियममध्ये शिजवला किंवा रात्रभर ठेवला तर थोडा धातू उतरतो. तेव्हा चिंच-आमसूल कुकरात घालू नका, फोडणी दिल्यावर घाला. आपल्याकडे तशीच रीत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मराठी घरांत डाळ बहुतेक वेळा कुकरच्या भिंतीला लागतच नाही. तळाला पाणी, त्यावर स्टीलचे डबे, एकात डाळ, एकात तांदूळ, वर बटाटे. धातू डाळीत उतरणार कुठून? थेट कुकरात शिजवत असाल आणि मनात शंका असेल तर स्टीलचा कुकर घ्या, आयएसआय खूण बघून. ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे स्मृतिभ्रंश होतो याचा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही.

मातीच्या भांड्यांबद्दल मला आकस नाही. जगन्नाथपुरीचा महाप्रसाद मातीच्या भांड्यांतच, एकावर एक रचून, लाकडाच्या आचेवर शिजतो आणि हंडीतल्या आमटीची चव वेगळी लागते हे मान्य. पण पुरीत त्या कामाला शेकडो माणसं असतात. ठाण्याच्या स्वयंपाकघरात एकटी बाई असते.

आणि तिच्या संध्याकाळचं मोल मेसेज लिहिणाऱ्याला कळलेलं नाही. लोकलच्या डब्यातच ती मटार नाहीतर गवार निवडून घेते, स्टेशनबाहेर कोथिंबिरीची जुडी घेते, घरी येऊन कुकर लावते. शिट्ट्या होईपर्यंत हात-पाय धुवून होतात, चहा होतो, खिडकीशी दोन मिनिटं उभं राहता येतं. शेजारच्या घरांतल्या शिट्ट्याही त्याच वेळी ऐकू येतात. पाऊण तासाच्या आत गरम वरणभात, वर तूप, लिंबाची फोड, बाजूला भाजलेला पोह्याचा पापड. बाहेरून मागवलेल्या एका डिशच्या पैशांत चौघांचं पोट भरतं. शहरात इतकं स्वस्त आणि इतकं चांगलं सुख मला दुसरं माहीत नाही, आणि ते कुणी खोट्या आकड्यांनी हिरावून घेतलेलं मला चालणार नाही.

राहिलं पितळ. कुकरच्या बदली ताईने आजीचं पितळेचं पातेलं काढलंय. त्याची कल्हई पार उडालेली आहे. अशा पितळेत आमसुलाची आमटी केली तर तांबं उतरतं, मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. म्हणजे ९३ टक्के पोषणाच्या नादात खरा त्रास ओढवून घ्यायचा. ताई, ते पातेलं कल्हई होईपर्यंत आंबटाला वापरू नकोस. कुकर माळ्यावरून काढ, रबर कडक झालं असेल तर नवं घाल, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घे आणि आज रात्री भाच्याला वरणभात वाढ.