गुंडाळून ठेवलेलं कुंपण

जाळी कुठे फाटली नव्हती. खांब सरळ होते, कड्या नीट लागत होत्या. फक्त पोहण्याच्या पूलभोवतीचं अख्खं कुंपण गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. दुपारी पाहुणे पोहायला येणार म्हणून काढलं, ते गेल्यावर सगळे दमले होते, आणि "सकाळी लावू" यावर ते राहून गेलं. त्याच संध्याकाळी माझी अडीच वर्षांची भाची पूलच्या काठावर उकिडवी बसलेली सापडली. पाण्यावरचं एक पान ओढत होती. ताईने मागून जाऊन तिला उचललं. काही झालं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण ते कुंपण मीच निवडून दिलं होतं.

माझं काम यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करण्याचं आहे, त्यामुळे निवडताना मी मापं काटेकोरपणे तपासली होती. उंची ४ फूट. जाळी इतकी बारीक की चिमुकल्या पायाचा अंगठाही अडकू नये, म्हणजे चढायला आधार मिळत नाही. खालची कड जमिनीपासून १ इंचाच्या आत, आणि उचलली तरी ४ इंचांपेक्षा जास्त वर येणार नाही अशी. खांब उभे करायला फरशीत बसवलेल्या नळ्या विजेचा प्रवाह न वाहणाऱ्या, कारण खांब अ‍ॅल्युमिनियमचे आणि शेजारी पाणी. हे सगळं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईला जरा चढ्या आवाजातच विचारलं, की लगेच का नाही लावलंत? ती म्हणाली, "अरे, तो जाळीचा शेवटचा पट्टा एकट्याने ओढून लावून दाखव मला."

मी लावायला गेलो आणि घामाघूम झालो. या जाळीच्या कुंपणाची सगळी ताकद तिच्या ताणात असते. जाळी ढिली राहिली तर मूल ती खाली दाबून ओलांडेल, म्हणून शेवटची कडी अडकवायला अंगाचा पूर्ण जोर लावून खांब खेचावा लागतो. त्यात नळ्यांवर टोपणं लावायची राहिली होती, आत वाळू साचली होती आणि दोन खांब पूर्ण खाली उतरतच नव्हते. काढायला ५ मिनिटं, लावायला पाऊण तास आणि दोन माणसं. असं कुंपण घरात कोणीही असो, एक दिवस भिंतीला टेकलेलंच राहणार. दोष ताईचा नाही, रचनेचा आहे, असं मी आता ठामपणे म्हणतो.

यातली माझी सर्वांत मोठी चूक म्हणजे मी फाटक घेतलं नव्हतं. पट्टा सोडला की आत जाता येतं, मग वेगळं फाटक कशाला, असा माझा हिशेब होता. पण सोडलेला पट्टा आपला आपण कधीच बंद होत नाही. फाटक मात्र आपोआप बंद होतं. बिजागरीत स्प्रिंग हवी, ते पाण्याच्या उलट दिशेला, बाहेर उघडायला हवं, म्हणजे मुलाने ढकललं तर उलट घट्ट बंद होतं. कितीही कमी उघडलेलं असो, हात सोडला की कडी आपोआप लागली पाहिजे. रोजच्या पोहण्यासाठी असं फाटक असलं की कुंपण काढायची गरजच उरत नाही. आणि खरंच काढायचं असेल तेव्हा कडी मोठ्या माणसाच्या दोन हातांनीच सुटावी, लावताना मात्र एका माणसाला ताण देता यावा, त्यासाठी खांबाला एखादी तरफ असावी. हे अवघड इंजिनिअरिंग नाही.

"आम्ही असतो ना लक्ष ठेवायला" असं बरेच जण म्हणतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९८०च्या दशकात अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात ५ वर्षांखालच्या मुलांच्या पूलमध्ये बुडण्याच्या अपघातांचा अभ्यास केला होता. त्यातली ६९ टक्के मुलं त्या वेळी पूलजवळ असतील असं कोणाला वाटलंच नव्हतं. ७७ टक्के मुलं अपघाताआधीच्या ५ मिनिटांत कोणी ना कोणी पाहिलेली होती. म्हणजे लक्ष होतं. त्यात एवढं लहान मूल बुडताना बहुतेक वेळा आवाजही करत नाही.

एकट्या अलार्मवर मी विसंबणार नाही. पाण्यात काही पडल्यावर वाजणारा अलार्म वाजतो तेव्हा मूल पाण्यात असतं. फ्रान्सच्या २००३च्या कायद्यात कुंपण, अलार्म, आच्छादन आणि छत यांपैकी काहीही एक चालतं; मला ही बरोबरी पटत नाही. आणि घराची भिंत कुंपणाची चौथी बाजू म्हणून धरू नका. घराचं दार थेट पूलकडे उघडत असेल तर मुलाचा सगळ्यात सोपा रस्ता तोच असतो. ऑस्ट्रेलियाच्या मानकात कुंपणाभोवती ९०० मिलिमीटरचा पट्टा चढता येईल अशा वस्तूंपासून मोकळा ठेवायला सांगितलाय. खुर्ची, कुंडी, सायकल, सगळं तिथून लांब.

ताईकडे आता फाटक बसलंय. नळ्यांची टोपणं दाराजवळच्या डब्यात असतात, आणि नळ्या साफ केल्याशिवाय खांब काढायचे नाहीत असं ठरलंय. भाची जाळीला नाक लावून पाणी बघत उभी राहते. मी गेलो की आधी फाटक अर्धवट उघडून सोडतो आणि कडीचा आवाज ऐकतो.