लवुळच्या वानरांनी म्हणे सूड घेतला

ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड. बीड जिल्ह्यात माजलगावजवळ लवुळला कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं, म्हणून वानरांच्या टोळीनं कुत्र्याची २५० पिल्लं वरून फेकून मारली, 'मुकं जनावर सूड विसरत नाही'. काल आमच्या मामांनीच टाकलं, म्हणून एकदाचं लिहितो.

ती २५० मोजली कुणी? कुणीतरी आकडा सांगितला, बातमीत आला, तिथून परदेशी पेपरात गेला. डिसेंबर २०२१ मधे वनखात्यानं पकडली दोन वानरं, दोनच, मग टोळी कुठाय?

आता पिल्लं उचलून न्यायचं. ते खोटं नाही. पण वानरात माद्यांना दुसरीचं लेकरू घ्यायची लई हौस असते, नुकतं जन्मलेलं पोर दिवसभर या मादीकडून त्या मादीकडं फिरत राहतं आणि ते अंगाला घट्ट धरून बसतं म्हणून निभतं, कुत्र्याच्या पिल्लाला तसं धरता येतंय का? माळवदावर नेऊन सोडलं की ना दूध ना पाणी, पडतं नाहीतर उपाशी मरतं. मला तर यात सूड कुठं दिसत नाही.

मामांचं पुढचं, 'हुप्प्या टोळीचा राजा, त्याच्या हुकमानं झालं.' अहो राजा कसला, भाडेकरू हाय तो! टोळी माद्यांची, आई, मुली, मावश्या जन्मभर तिथंच, हुप्प्या बाहेरून येतो आणि साधारण दोन-तीन वर्षांत दुसरा त्याला हाकलतो. आणि खून व्हायचाच तर इथं होतो. नवा हुप्प्या आधीच्याची अंगावर पिणारी पोरं मारतो, कारण दूध पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही, पोर गेलं की येते, आणि याच्याकडं वेळ थोडा. धारवाडला सुगियामा नावाच्या जपानी अभ्यासकानं हे १९६० च्या दशकात पाहिलं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं गर्दीमुळं वानरं बिघडली. सारा हर्डी या अमेरिकन अभ्यासक बाईंनी राजस्थानातल्या अबूच्या वानरांवरून हा माजाचा हिशोब मांडला, पुढं १९९९ मधे नेपाळच्या रामनगरच्या वानरांचे डीएनए तपासले तर मारणारा नर मेलेल्या पोरांचा बाप निघाला नाही. माद्याही गप बसत नाहीत, दोघी-तिघी मिळून त्याच्यावर धावून जातात. यात कुत्र्यांचा संबंधच नाही.

आणि मामा, फोटो तरी नीट बघायचा, तुम्ही टाकलेलं ते लाल तोंडाचं माकड हाय, वानर काळ्या तोंडाचं असतं.