‘पिकअप घालवला’ या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाळूजच्या गॅरेजला एक तारा देताना आपण तीन आक्षेप नोंदवले आहेत: नायट्रसच्या (इंजिनची ताकद वाढवण्यासाठी बाटलीतून सोडायचा वायू) कामानंतर गाडीचा पिकअप गेला, महागडे इरिडियम प्लग काढून साधे बसवले, आणि तेही आठ दिवसांत काळे पडून इंजिन मिसिंग करू लागले. तिसऱ्या बाबतीत चूक आमची आहे, म्हणून आधी तेच लिहितो. 50 हॉर्सपॉवरच्या जेटसाठी (नायट्रस सोडणारे ठरावीक मापाचे भोक) मूळ प्लगपेक्षा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, प्लग पुरतो. आपल्याकडे एनजीकेचे 6 क्रमांकाचे होते. त्या जागी 7 हवे होते, कारण या कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड होतो. त्या दिवशी 7 शिल्लक नव्हते, म्हणून आमच्या मुलाने 8 बसवले आणि मी न पाहता गाडी सोडली. इतका थंड प्लग जालना रोडच्या सिग्नलवर रांगणाऱ्या गाडीत काजळी जळण्याइतका, म्हणजे सुमारे 450 अंशांपर्यंत, तापतच नाही. गाडी फक्त बंद ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेणार असे आपण सांगितले होते हे खरे (रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते), पण त्याने आमची चूक झाकली जात नाही.

साधे प्लग मात्र आम्ही जाणूनबुजून बसवले. इरिडियमचे बारीक, पुढे आलेले टोक नायट्रसच्या उष्णतेत लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकते. सिलिंडरमधला दाब वाढल्यावर ठिणगीला रुंद फट ओलांडणे जड जाते, म्हणून फिलर गेज लावून गॅप 1.1 वरून 0.8 मिलिमीटरवर आणला.

आता पिकअप. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे 36 टक्के ऑक्सिजन असतो. सिलिंडरच्या उष्णतेत तो मोकळा होतो आणि ज्वलन वेगाने होते. पिस्टन वर येत असतानाच दाब शिखरावर पोचला तर तो पिस्टनच्याच डोक्यावर हातोड्यासारखा बसतो. म्हणून 50 हॉर्सपॉवरमागे साधारण 2 अंश टायमिंग मागे घेण्याची, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडण्याची, रीत आहे. आम्ही 4 घेतले. याचे कारण आपण ज्या प्लगवर गाडी आणली होती, त्यांत आहे: तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर भिंगातून मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके आणि त्यांत दोन चकचकीत कण दिसले. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे आहेत, म्हणजे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून पिस्टनला बसणारे हादरे) आधीच सुरू झाले होते; म्हणून टायमिंग जास्त मागे घेतले. तो प्लग मी पाकिटात घालून, तारीख टाकून काउंटरच्या खणात ठेवला आहे.

आपली गाडी डिस्ट्रिब्युटरची (ठिणगीची वेळ यांत्रिक पद्धतीने ठरवणारी) असल्याने व्हॅक्यूमची नळी काढून, तिचे तोंड बंद करून, टायमिंग लाइटवर 10 चे 6 अंश केले, की ते बाटली बंद असतानाही 6 च राहतात. रोजच्या चालवण्यात जाणवणारी मरगळ त्याचीच आहे. नायट्रस सुरू असतानाच टायमिंग मागे घेणारा वेगळा बॉक्स आम्ही अंदाजपत्रकात लिहिला होता, तो खर्चामुळे आपण वगळला. वगळल्यास काय होईल हे तेव्हा नीट समजावून सांगायला हवे होते, हे मान्य.

एक गोष्ट आपल्या अभिप्रायात नाही, पण मला तीच अधिक काळजीची वाटते. मे महिन्यातल्या दुपारी आपण डिकी उघडली तेव्हा बाटलीच्या गेजचा काटा 1,200 पीएसआय (दाबाचे एकक) च्या पुढे होता. तो 900 ते 1,000 च्या दरम्यान असायला हवा. नायट्रस 36.4 अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही, आणि आपल्या मराठवाड्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून कितीतरी तापते. दाब वाढला की नायट्रस जास्त जातो, पेट्रोलचा जेट तेवढाच राहतो, मिश्रण पातळ होते आणि नॉकिंग सुरू होते. बाटली काढून सावलीत ठेवावी.

चारही प्लग 7 क्रमांकाचे, मजुरीसह विनामूल्य बदलून देऊ आणि आधीच्या प्लगचे पैसे परत करू. बॉक्स बसेपर्यंत टायमिंग मात्र 6 वरच राहील. ते 10 वर नेऊन बाटली जोडून देण्यास मी तयार नाही. सकाळी दहाच्या आत या, म्हणजे इंजिन थंड असताना प्लग काढता येतील.

आपला,
गॅरेजचालक